मधुमेही मुलाची शुश्रूषा
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात महिला शाखेच्या विद्यमाने दिलेले भाषण)



महिला शाखेच्या चिटणीसबाईंनी आम्हांस या वर्षी बोलावयास पाचारण केले, त्याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहोत. विषय आमच्यावरच सोपविला होता. ‘काही उपयोगाचे सांगा’ एवढीच अट होती. आमचे सारे आयुष्य रुग्णालयाच्या खाटांमधील अरुंद वाटेत गेले. तेव्हा आमच्यापाशी जे काही उपयोगाचे आहे ते त्याच वाटेवर सापडलेले आहे. आम्ही परिचारिकेचा व्यवसाय पत्करला त्या वेळी ज्ञातीत पुष्कळांनी नाके मुरडली होती, हे येथील वडीलधाऱ्यांस आठवत असेल. त्यांपैकी बहुतेकांनी पुढे अपरात्री खाट मिळवून देण्याबद्दल आम्हांस चिठ्ठ्याही पाठविल्या, आणि आम्ही त्या मिळवून दिल्या. असो. तो हिशेब फिटला आहे.

मधुमेह म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे पन्नाशी उलटलेले, पोट सुटलेले, चहात साखर नको म्हणून सांगणारे गृहस्थ येतात. आम्ही ज्याविषयी बोलणार आहोत तो मधुमेह निराळा. तो लहान मुलास व तरुण पोरांस होतो. त्यात स्वादुपिंडात इन्शुलिन तयार करणाऱ्या पेशी शरीराच्याच संरक्षक यंत्रणेकडून नष्ट होतात. मुलाने गोड अधिक खाल्ले म्हणून तो होत नाही, आणि आईने कारल्याचा रस पाजला म्हणून तो जातही नाही. अशा मुलास इन्शुलिन बाहेरून द्यावे लागते, रोज द्यावे लागते आणि जन्मभर द्यावे लागते. ज्या दिवशी ते बंद पडते त्या दिवसापासून जे सुरू होते त्यास वैद्यकात डायबेटिक कीटोॲसिडोसिस असे म्हणतात.

त्याची प्रक्रिया घरगुती शब्दांत अशी सांगता येईल. रक्तात साखर भरपूर असते, परंतु इन्शुलिनवाचून ती पेशींच्या आत शिरू शकत नाही. कोठार भरलेले आणि किल्ली हरवलेली, मग घरात उपासमार ठरलेलीच. शरीर तेव्हा चरबी जाळू लागते, आणि त्या जळण्यातून कीटोन नावाची आम्लधर्मी द्रव्ये रक्तात साठतात. इकडे जादा साखर मूत्रावाटे जाताना पाणी आणि क्षार ओढून नेते. मूल वारंवार लघवीला जाते, घटाघटा पाणी पिते आणि तरी सुकत जाते. आपल्या प्राचीन वैद्यांनी या मूत्राकडे मुंग्या धावतात हे टिपून ठेवले होते, आणि ‘मधुमेह’ हे नावच त्याची साक्ष देते. पुढे ओकाऱ्या सुरू होतात, पोटात इतके दुखते की आंत्रपुच्छाचा विकार वाटावा, आणि श्वास खोल व जलद होतो. रक्तातील आम्ल बाहेर टाकण्याची ती शरीराची धडपड असते. १८७४ साली कुसमॉल या जर्मन वैद्याने त्या श्वासाचे वर्णन केले, म्हणून त्यास त्याचेच नाव आहे. त्या श्वासाला अति पिकलेल्या फळासारखा वास येतो. एकदा तो वास नाकात बसला म्हणजे परिचारिका वॉर्डाच्या दारातूनच रोग ओळखते.

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी या टप्प्यास पोहोचलेले मूल म्हणजे गेलेले मूल, असेच समजत. उपाय म्हणून फार तर उपासमारीचा आहार देत, त्याने मरण काही महिने पुढे जाई. जानेवारी १९२२ मध्ये कॅनडातील टोरोंटोच्या रुग्णालयात लिओनार्ड थॉम्पसन नावाचा १४ वर्षांचा मुलगा असाच पडून होता, वजन अवघे ६५ पौंड. ११ जानेवारीस त्यास बँटिंग आणि बेस्ट यांनी तयार केलेला स्वादुपिंडाचा अर्क टोचला. अर्क अशुद्ध होता. टोचल्या जागी गळू झाले आणि गुण आला नाही. कॉलिप नावाच्या रसायनज्ञाने मग रात्रंदिवस खपून तो शुद्ध केला आणि २३ जानेवारीपासून पुन्हा टोचण्यास आरंभ झाला. या खेपेस रक्तातील साखर उतरली, मूत्रातील कीटोन नाहीसे झाले आणि मुलगा उठून बसला. तो आणखी तेरा वर्षे जगला. संशोधकांनी त्या शोधाचा हक्क टोरोंटो विद्यापीठास प्रत्येकी एका डॉलरला देऊन टाकला. बँटिंग यांचा जन्मदिवस १४ नोव्हेंबर. जग तो मधुमेहदिन म्हणून पाळते आणि आपण त्याच दिवशी बालदिन साजरा करतो. हा योगायोग शाळांतून सांगितला जावा असे आम्हांस वाटते.

आता आमची हकीकत सांगतो. ती सांगणे आम्हांस सोपे नाही.

१९८९ साली घाटावरील एका जिल्ह्याच्या ठिकाणी आम्ही नोकरीस होतो. त्या वेळी वॉर्डात मूत्राची तपासणी आम्हीच करीत असू. बेनेडिक्टच्या निळ्या द्रावणात थेंब टाकून स्पिरिटच्या दिव्यावर नळी तापविली म्हणजे साखरेच्या प्रमाणात हिरवा, पिवळा, विटकरी असे रंग उमटत. कीटोन असल्यास दुसऱ्या परीक्षेत जांभळे कडे दिसे. एका संध्याकाळी १४ वर्षांचा एक मुलगा आला. विटकरी रंग, गडद जांभळे कडे, तोच श्वास. डॉक्टरांनी सलाईन व इन्शुलिन सुरू केले. रात्री बारापर्यंत ओकारी थांबली, श्वास निवला. दोनच्या सुमारास मुलाने ‘डोके दुखते’ असे सांगितले. आम्ही त्याच्या कपाळावर ओली पट्टी ठेवली. थोड्या वेळाने तो निजला. आई त्यास हाक मारू लागली तेव्हा आम्हीच तिला म्हणालो, ‘दोन दिवस तळमळला आहे, झोपू द्या त्याला.’ चार वाजता नाडी पाहिली. संध्याकाळी १३०वर असलेली नाडी ६८वर आली होती. तक्त्यावर तो आकडा लिहिताना आम्हांस बरे वाटले, हे आम्ही आज कबूल करतो. साडेपाचला पाहिले तेव्हा एका डोळ्याची बाहुली मोठी झाली होती. उजाडताना मुलगा गेला.

तो निजला नव्हता. त्याच्या मेंदूस सूज येत होती. या रोगावरील उपचार सुरू झाल्यानंतर, बहुधा चार ते बारा तासांच्या आत, शंभरांतील एखाद्या मुलाच्या बाबतीत असे घडते, आणि ज्यांच्या बाबतीत घडते त्यांतील कित्येक दगावतात. डोकेदुखी, चिडचिड, गुंगी, मंदावणारी नाडी आणि त्याच वेळी वाढणारा रक्तदाब हे त्याचे इशारे होत. सारे इशारे तक्त्यावर होते, आणि तक्ता आमच्याच हस्ताक्षरातील होता. आम्हांस कोणी दोष दिला नाही. त्या आईने तर जाताना आमच्या हातात हात दिला. तो हात आम्हांस अद्याप जाणवतो.

सलाईन फार जलद गेल्यामुळे मेंदूस सूज आली असावी, असा त्या काळी सार्वत्रिक समज होता. ठिबकाचे थेंब मोजण्याचे काम आमचेच, त्यामुळे ही शंका आम्हांस एकोणतीस वर्षे बोचत राहिली. २०१८ साली अमेरिकेतील १३ रुग्णालयांनी १२५५ मुलांवर केलेल्या अभ्यासाचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. त्यात ठरावीक मर्यादेत सलाईन जलद दिले काय किंवा सावकाश दिले काय, मेंदूवरील परिणामात फरक आढळला नाही. आमच्या नात्यातील एका तरुण डॉक्टराने तो आम्हांस वाचून दाखविला. एक शंका गेली. ‘झोपू द्या’ हे मात्र आम्हीच म्हटले होते, आणि त्यावर कोणाचा अभ्यास निघणार नाही.

दुसरी हकीकत २०११ सालची. तोवर आम्ही मुख्य परिचारिका झालो होतो, रुग्णालयही निराळे होते. रात्री आठच्या सुमारास पंधरा वर्षांच्या एका मुलीस गाडीतून आणले. ती आपल्याच ज्ञातीतील, म्हणून नावगाव सांगत नाही. नवव्या वर्षापासून तिला मधुमेह होता. गावी चुलतभावाच्या लग्नास गेली होती. तिसऱ्या दिवशी ओकाऱ्या सुरू झाल्या तेव्हा सर्वांनी लग्नाच्या जेवणास दोष दिला आणि तिला लिंबाचे सरबत पाजले. श्वास वाढला तेव्हा कोणी दमा म्हटले. आली तेव्हा रक्तातील साखर ५४०, रक्ताचा सामू ७.०२. हा आकडा ७.३च्या खाली गेला म्हणजेच काळजीचे असते. वजन ३८ किलो, ओठ फुटलेले, जीभ लाकडासारखी.

अशा रात्री परिचारिका काय करते हे लोकांस ठाऊक नसते, म्हणून जरा विस्ताराने सांगतो. दोन शिरा प्रथम राखाव्या लागतात, एक सलाईनसाठी व एक रक्त घेण्यासाठी. दर तासाला मुलीस भोसकणे हा क्रूरपणा होय. पहिल्या तासात इन्शुलिन नाही, केवळ सलाईन. ते तिच्या वजनाच्या हिशेबाने अर्धा लिटरच्या आसपास दिले. पाण्यावाचून सुकलेल्या देहात रक्ताभिसरण आधी सावरावे लागते. मग इन्शुलिन, आणि तेही एकदम टोचून न देता पंपाने, तासाला तीन-चार युनिट अशा बेताने. नवी नळी जोडताना तिच्यातून इन्शुलिनचे पाणी थोडे वाहू देऊन टाकून द्यावयाचे, कारण इन्शुलिन प्लॅस्टिकला चिकटते आणि प्रारंभीचे तास रोग्यास ते पुरते मिळतच नाही. ही गोष्ट लहान आहे, पण अशा लहान गोष्टींनीच रात्र निभते.

त्यानंतर पोटॅशियमची चिंता. रक्ताच्या तपासणीत ते पुरेसे दिसते, परंतु शरीरातील साठा मूत्रावाटे रिता झालेला असतो. इन्शुलिन लागू पडले की रक्तातील पोटॅशियम पेशींत शिरते, आणि रक्तात ते कमी पडले तर हृदयाचा ताल बिघडतो. म्हणून लघवी होत आहे याची खात्री करून सलाईनमध्ये पोटॅशियम मिसळतात आणि हृदयाच्या आलेखावर नजर ठेवतात. किती पाणी आत गेले, किती बाहेर आले, ओकारीसुद्धा मोजून लिहावयाची. साखर दर तासाला पाहावयाची, पण ती धाडकन उतरू द्यावयाची नाही. तासाला शंभराच्या आत उतरली तर ठीक. तोंडाने काही द्यावयाचे नाही, तरी ओल्या कापडाने ओठ व तोंड पुसत राहावयाचे. तहानलेल्या मुलीला पाणी नाकारणे फार कठीण जाते, आणि ते नाकारताना तिच्याजवळ बसावे, लांबून सांगू नये.

पहाटे तीनला साखर २३०वर आली आणि डॉक्टरांच्या सूचनेप्रमाणे आम्ही सलाईनमध्ये ग्लुकोज जोडले. मुलीचे मामा दाराशी उभे होते. ते एकदम आत आले आणि म्हणाले, ‘सिस्टर, साखरेच्या रोग्याला साखर चढवता?’ त्यांचा प्रश्न रास्त होता. त्यांना आम्ही सांगितले ते आपणांसही सांगतो. साखर उतरली म्हणजे रोग उतरला असे नव्हे. रक्तातील कीटोन अद्याप तसेच होते आणि ते घालविण्यास इन्शुलिन चालूच ठेवावे लागते. इन्शुलिन चालू राहावे आणि साखर मात्र फार खाली जाऊ नये, म्हणून ग्लुकोज. आकडा चांगला दिसला म्हणून इन्शुलिन बंद करणे ही शिकाऊ परिचारिकेची नेहमीची चूक, आणि घरातील माणसांचीही.

आरंभापासून त्या मुलीस आम्ही दर तासाला जागे करीत होतो. नाव काय, गाव कोणते, माझी बोटे घट्ट धर. डोळ्यांत विजेरी टाकून बाहुल्या पाहत होतो. तिच्या आईस ते पाहवेना. पावणेचारला ती हात जोडून म्हणाली, ‘दोन रात्री डोळ्याला डोळा नाही हो, आता तरी झोपू द्या पोरीला.’ बावीस वर्षांपूर्वी दुसऱ्या एका आईस आम्ही जे म्हणालो होतो तेच शब्द. आम्ही म्हणालो, ‘बाई, आज नाही.’

चार वाजता हाक मारली तेव्हा ती डोके धरून विव्हळली. गाव विचारले तर शाळेचे नाव सांगू लागली, आणि तेही तुसडेपणाने. नाडी ११८वरून ७४वर आली होती, रक्तदाब चढला होता. आम्ही उशाकडील बाजू वर केली, सलाईनचा वेग उतरविला आणि डॉक्टरांस बोलाविले. मॅनिटॉलच्या बाटल्या संध्याकाळीच खाटेजवळ आणून ठेवल्या होत्या आणि तिच्या वजनाप्रमाणे मात्रा काढून कागदावर लिहून भिंतीस चिकटविली होती. ऐन वेळी गणित करण्याची पाळी येऊ नये, हे १९८९ने शिकविलेले. तरुण डॉक्टर धावत आले, तक्ता पाहिला, आणि मेंदूच्या छायाचित्रासाठी न थांबता औषध सुरू करविले. त्यानंतरचा दीड तास आम्ही खाटेजवळून हललो नाही. साडेसहाला तिला पुन्हा नाव विचारले. तिने डोळे उघडले आणि कपाळाला आठ्या घालून म्हणाली, ‘किती वेळा सांगू हो तेच तेच?’ तिची आई रडू लागली. आम्ही नाडी मोजण्याच्या मिषाने खाली पाहिले.

दुसऱ्या दिवशी कीटोन निवळले. ती खाऊ लागल्यावर त्वचेखाली टोचावयाचे इन्शुलिन आधी देऊन मगच पंप थांबविला. पंपाचे इन्शुलिन काही मिनिटांतच संपते, मध्ये खंड पडला तर सारे पुन्हा पहिल्यापासून.

तिसऱ्या दिवशी आम्ही तिच्या घरच्यांस चहास पाठविले आणि तिच्याजवळ एकटे बसलो. या वयाच्या मुलांशी आईबापांसमक्ष बोलून काही कळत नसते. कोणी लठ्ठ होण्याच्या भीतीने इन्शुलिन चुकवितो, कोणी मित्रांत हसे होईल म्हणून. शिवाय याच वयात शरीरातील बदलांमुळे इन्शुलिन अधिक लागते, तेव्हा प्रमाण नेमके वाढवावयाच्या वेळीच ते चुकविले जाते. ही मुलगी बराच वेळ चादरीचा काठ चाळवीत राहिली, आणि मग म्हणाली, ‘काकू म्हणाल्या, लग्नघरात सुया दिसू देऊ नकोस, उद्या तुझंही बघायचं आहे.’ पहिल्या दिवशी तिने न्हाणीघरात लपून टोचून घेतले. दुसऱ्या दिवशी न्हाणीघर रिकामे मिळाले नाही.

त्या काकूंविषयी आमच्या मनात राग नाही. मुलीचे वाईट व्हावे असे त्यांच्या स्वप्नातही नव्हते. त्या जे बोलल्या ते आपल्या सर्वांच्या घरांतून बोलले जाते, फक्त परिणाम इतक्या लवकर दिसत नाही. मंडळाच्या वधूवर नोंदणीच्या वहीत आपण उंची लिहितो, वर्ण लिहितो, पत्रिका जोडतो. त्या वहीच्या धाकाने जर एखादी मुलगी न्हाणीघर रिकामे होण्याची वाट पाहत असेल, तर ती वही चालविणाऱ्यांनी एकदा बसून विचार करावा, एवढी विनंती आम्ही कार्यकारिणीस या व्यासपीठावरून करतो. ठराव करा असे म्हणत नाही. ठराव पुष्कळ झाले आहेत.

ज्यांच्या घरी असे मूल आहे त्यांच्यासाठी थोडे सांगून पुरे करतो. मूल जेवले नाही, ताप आला, ओकारी झाली तरी इन्शुलिन सर्वस्वी बंद करावयाचे नाही. प्रमाण किती हे डॉक्टरांस विचारावे. साखर २५०च्या वर आणि अंगात बरे नाही, असे झाले की मूत्रातील कीटोनची पट्टी लावून पाहावी. ओकारी थांबेना किंवा श्वास खोल चालू लागला तर घरी लिंबूपाणी करीत बसू नये, सरळ मोठे रुग्णालय गाठावे आणि दाराशीच ‘मुलाला मधुमेह आहे’ हे सांगावे. ज्या मुलास मधुमेह असल्याचे ठाऊक नाही, परंतु जे एकाएकी पाणी फार पिऊ लागले, वाळू लागले, रात्री अंथरूण ओले करू लागले, त्याची साखर त्याच दिवशी पाहावी. संकष्टी, हरताळका यांचे उपवास मुलीने मनानेच धरू नयेत. घरात फ्रीज नसल्यास इन्शुलिनची बाटली कोरड्या डबीत घालून पाण्याच्या मडक्यात ठेवावी, उन्हाळ्यात तेवढ्याने पुष्कळ रक्षण होते. आणि सिरिंजच्या टोपणाचा रंग पाहावा. आपल्याकडे मिलिलिटरला ४० युनिटच्या बाटल्या आहेत आणि १०० युनिटच्याही. लाल टोपणाची सिरिंज पहिलीसाठी, नारिंगी टोपणाची दुसरीसाठी. अदलाबदल झाली तर मात्रा अडीचपट होते किंवा निम्म्याहूनही कमी. दुकानदाराने दिली ती घेतली, असे करू नका.

ती मुलगी आता एका साखर कारखान्याच्या हिशेब खात्यात नोकरी करते. लोक थट्टा करतात, तीही करते. इन्शुलिन कचेरीतील टेबलाशी बसूनच टोचून घेते. तिने स्वतः होऊन आजाराची गोष्ट सांगितल्यावर दोन स्थळे फिरली. ती त्याविषयी हसून बोलते, आम्हांस हसू येत नाही. आमच्या विनंतीवरून ती आज येथे आली आहे. पलीकडच्या खोलीत, जेथे फराळाची व्यवस्था आहे त्याच्या अलीकडे, एका मेजावर साखर पाहण्याचे यंत्र, कीटोनच्या पट्ट्या आणि दोन्ही रंगांच्या सिरिंजा मांडून ती बसली आहे. ज्यांना पाहावयाचे असेल त्यांनी फराळास जाण्यापूर्वी तिच्याकडे जावे. तिची सुई टोचण्याची वेळ साडेबाराची आहे, आणि ती न्हाणीघरात जाणार नाही.